पास्कलभाऊंना कन्फेशनची बंदी

"उठा! पास्कलभाऊ, उठा म्हणतो ना! माफ झालं! देवानं केलं, म्या सांगतलं, आता आनखी कोनाची सही पायजे तुमाले?"

कन्फेशनच्या, म्हणजे पापं कबूल करायच्या, लाकडी खोक्यातून हा आवाज असा फुटला, की चर्चच्या कौलांवरची कबुतरं उडाली ती थेट अचलपूरला जाऊन बसली. मी वेदीपुढं निशिगंध लावत होतो. माझा फुलांचा मळा आहे, आणि अमरावतीच्या त्या चर्चला दर शनिवारी संध्याकाळी फुलं माझीच जातात. देव माझा वेगळा, पण फुलं सगळीकडे सारखीच सुकतात, त्यामुळं वीस वर्षांत तिथं मला कोणी परका म्हटलं नाही.

ओरडणारे होते फादर सिरिल. माणूस केरळचा, पण मराठी शिकला आमच्या भाजीबाजारात. त्यामुळं बोलायला लागला की वाटावं, हा वांग्याचा भाव तरी पाडतोय किंवा भांडण तरी काढतोय. त्यांच्यासारख्या शांत माणसाला ओरडायला लावायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. ती किमया जगात एकट्या पास्कलभाऊंना साधली होती.

पडदा सरकला आणि पास्कलभाऊ बाहेर आले. सहा फूट उंच, काडीसारखे बारीक, डोक्यावर पांढरे केस असे पिंजलेले की बोंड उकललंय म्हणावं. माझ्याकडे आले, माझी बाही धरली आणि कुजबुजले, "फादर चिडले गा."

"ऐकू आलं. अख्ख्या अमरावतीला ऐकू आलं."

"माह्यामुळं चिडले. म्हंजे सज्जन मानसाले राग आनायचं पाप झालं. हे तर सांगायचं राह्यलंच की!"

आणि वळले, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

पास्कलभाऊ वानखडे हे माझे शेजारी. भिंतीला भिंत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. अकोटच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षं त्यांनी कापूस पारखला. मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही चिमटींत धरून ताणायचा आणि सांगायचं, हा अमुक गावचा, दुसऱ्या वेच्याचा, सकाळच्या दवातला. वेचणारीच्या सासूचं नावही सांगत असत, असं मी लोकांना सांगतो. आजवर कोणी खोडून काढलेलं नाही. डोंगराएवढ्या ढिगात हात घालायचे आणि आतून नेमकी वाळकी पत्ती काढून शेतकऱ्याच्या नाकापुढं धरायचे. "पत्ती राह्यली." एवढंच बोलायचे. शेतकरी रडकुंडीला येत.

निवृत्त झाले, कापूस सुटला, हात काही सुटला नाही. तो आता स्वतःच्याच आत फिरू लागला. कन्फेशन करून घरी यावं, चहा ठेवावा, चहाला उकळी येते न येते तोच कपाळावर हात मारावा, "पत्ती राह्यली!" आणि चालले परत चर्चकडे. चहाची भांडी जळली ती मोजली तर एक भांड्यांचं दुकान निघेल.

शुक्रवारी मांस खायचं नाही, हा त्यांचा नेम. एका शुक्रवारी माझ्याकडे अंड्याची पोळी चालली होती. पास्कलभाऊ भिंतीपलीकडून ओरडले, "काय शिजून राह्यलं बे?" मी सांगितलं. शनिवारी त्यांनी कन्फेशन दिलं, की वास घेतला. रविवारी दिलं, की वास मुद्दाम खोल घेतला. मंगळवारी फादरना जेवणावरून उठवलं, कारण अंडं मांसात धरायचं की नाही हे विचारायचं राहिलं होतं.

फादर प्रायश्चित्त म्हणून 'नमो मरिया' ही छोटी प्रार्थना तीनदा म्हणायला सांगत. भल्या माणसाचं ते तीन मिनिटांचं काम. पास्कलभाऊंना तीन तास लागत. मधे माशी आली, लक्ष गेलं, पहिल्यापासून. मधे मी खोकलो, लक्ष गेलं, पहिल्यापासून. शेवटी फादरनी वेगळंच प्रायश्चित्त दिलं, "एकच 'नमो मरिया' म्हना, आन मुद्दाम लक्ष न देता म्हना." त्या रात्री हा गृहस्थ झोपला नाही, कारण काही केल्या लक्षच जाईना.

अमरावतीतले फादर कंटाळले की ते एस.टी.नं अकोल्याला जात आणि तिथल्या फादरना गाठत. एस.टी.चे कंडक्टर त्यांना ओळखत. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर आलं, की पास्कलभाऊ हटकून कपाळावर हात मारत आणि उतरून उलट दिशेची गाडी धरत. कंडक्टर खिडकीतून विचारायचा, "काका, राह्यलं का एखांदं?"

इथपर्यंत हसायला हरकत नाही. मीही हसलो, आणि दुसऱ्यांना दुप्पट हसवलं.

पण एक गोष्ट मी फुलांच्या निमित्तानं कित्येक वर्षं पाहत होतो. मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, शेवटी सगळे ओळीनं पुढं जातात आणि फादरच्या हातून कम्युनियन घेतात. त्यांचा सगळ्यात मोठा प्रसाद तो; त्यासाठीच तर सगळे आलेले असतात. त्या वेळी पास्कलभाऊ बाकावर गुडघे तिरके करून बसत, म्हणजे बाकीच्यांना जायला वाट व्हावी. अकरा वर्षं असे बसले. मन साफ नसताना तो प्रसाद घ्यायचा नसतो, आणि यांचं मन काही यांच्या पारखीत पास होत नव्हतं. लोक तर्क लढवत. अकोटला यांची दुसरी बायको आहे, असंही एक बोललं जाई. ते मीच उठवलं होतं, पण फार पसरेल असं वाटलं नव्हतं.

मग त्या वर्षी रोझी आली. त्यांच्या धाकट्या भावाची, बस्त्यावची मुलगी. बस्त्याव वारला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आता अकोल्याला नर्स आहे. लग्नाची पत्रिका पास्कलभाऊंच्या हातात दिली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मोठेबाबा, बाबाच्या जागी तुमीच. हात धरून वेदीपर्यंत मले तुमी नेसान. आन कम्युनियन माह्या बाजूले उभं राहून घेसान."

"नेतो न पोरी. पन ते दुसरं नाई जमत मले."

"कावून नाई जमत?"

पास्कलभाऊ पत्रिकेकडे बघत राहिले.

"ठीक हाय," रोझी म्हणाली. "तुमी नाई घेतलं त मी बी नाई घेत. लोकं इचारतीन त सांगीन, मोठेबाबाले इचारा." आणि चप्पल घालून निघून गेली. वानखड्यांची पोरगी; बोलली म्हणजे केलंच.

लग्नाला पाच दिवस होते. पास्कलभाऊ जेवेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन एस.टी. स्टँडकडे निघालेले दिसले, तसा मीही मागोमाग चढलो. लग्न अकोल्याला होतं, फुलं माझीच होती, तिथलं चर्च बघायचं होतं. हे निमित्त खरंही होतं. गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. मूर्तिजापूर आलं आणि उतरले. मीही उतरलो.

"हे काय? अजून तर अकोल्यालाच पोचलो नाही!"

ते बाकावर बसले. मग मला सगळं सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

बस्त्याव अकोल्याच्या दवाखान्यात होता. शेवटच्या सकाळी त्यानं पास्कलभाऊंचा हात धरून म्हटलं, "दादा, फादरले बोलाव." मरणाऱ्याला फादर येऊन तेल लावतात, प्रार्थना म्हणतात, मग माणूस निर्धास्त जातो. पास्कलभाऊ त्याच्यावर खेकसले, "चूप बस बे! मरून नाई राह्यला तू!"

"फादरले बोलावलं असतं त तो मरून राह्यला हे म्या कबूल केल्यासारखं झालं असतं गा," ते म्हणाले. "दुपारी गेला. तसाच गेला. दोन गल्ल्या सोडून फादर होते."

हेच ते पाप. अंड्याचा वास, माशी, खोकला हे सगळं वरवरचं. अकरा वर्षं हेच सांगत होते, आणि जितके फादर गाठले तितक्यांनी माफ केलं होतं. शेवटी कबुतरं उडाली त्या शनिवारी फादर सिरिलनी हुकूम काढला होता, "हे पाप याच्यापुढं कोन्याच फादरले सांगायचं नाई. मले नाई, अकोल्याले नाई, रोमले जाऊन पोपले बी नाई. माफ झालेलं परत इचारनं म्हंजे देवाले खोटं पाडनं हाय."

"आता सांग," पास्कलभाऊ मला म्हणाले. "पुढं अकोल्याच्या फादरकडं गेलो त हुकूम मोडतो. मांगं गेलो त हे घेऊनच जातो."

गाड्या येत होत्या. अकोल्याची आली, ते उठले, बसले. अमरावतीची आली, उठले, बसले. सात गाड्या गेल्या. मी सतरा सांगतो, पण सातच होत्या. उन्हानं स्टँडचा पत्रा कडकडत होता आणि हा म्हातारा माझ्यासमोर आतून फाटत होता. मला ना त्यांचा धर्म ठाऊक, ना शास्त्र. मला काय सुचणार? म्हणालो,

"पास्कलभाऊ, जिनिंगमधून कापसाची गठाण बांधून गेली, की त्यातली पत्ती काढायला तुम्ही कधी गठाण फोडली का?"

"गठाण कोन फोडते? ती गेली. घेनाऱ्याची झाली."

"मग?"

"आन घेनाऱ्यानं वापस पाठवली त?"

"अकरा वर्षांत आली का वापस?"

पास्कलभाऊंनी पिशवी उचलली. पुढची गाडी अमरावतीची होती. तिच्यात बसले. जन्मभरात मी बोललेल्या खऱ्या वाक्यांत ते गठाणीचं धरावं लागेल; तशी ती फार नाहीत.

लग्नाच्या दिवशी त्यांनी रोझीला हात धरून वेदीपर्यंत नेलं, ताठ, एखाद्या खांबासारखं. फादर सिरिल अमरावतीहून आले होते. मी मागच्या बाकावर, माझ्या शेवंतीच्या तोरणाखाली, घामानं भिजलेला. कम्युनियनची वेळ आली. नवरदेव उठला. रोझी उठली नाही. ती मान वळवून पास्कलभाऊंकडे बघत होती. पास्कलभाऊंनी सवयीनं गुडघे तिरके केले.

वाजणारी पेटी थांबली. फादर हातात प्रसाद धरून उभे. अख्खं चर्च उभं. मी तर माझ्या सगळ्या देवांना कामाला लावलं.

पास्कलभाऊ उठले. चार पावलं चालले. थांबले. रोझी उठून त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली. दोघं पुढं गेली. फादरसमोर पोचल्यावर पास्कलभाऊंचे ओठ हलायला लागले, आणि मला वाटलं: हा माणूस इथंच कन्फेशन सुरू करतोय!

"पास्कलभाऊ," फादर सिरिल हळूच म्हणाले, "तोंड उघडा."

त्यांनी तोंड उघडलं. घेतलं. मिटलं. परत येऊन बाकावर बसले आणि दोन्ही हातांत चेहरा धरला. मी कपाळाचा घाम पुसला. संपलं, असं मला वाटलं.

संपलं नव्हतं. मांडवात पंगत बसली. पास्कलभाऊ आदल्या दिवसापासून उपाशी होते, तरी पानावरून उठले आणि रोझीच्या खुर्चीकडे चालू लागले. मला चालण्यावरूनच कळलं. धावत जाऊन आडवा झालो. "अहो, फादरनी मनाई केली आहे ना?"

"फादरनं फादरले सांगू नको म्हटलं," पास्कलभाऊ म्हणाले. "पोरीले सांगू नको असं नाई म्हटलं."

मला बाजूला सारून ते तिच्यापुढं उभे राहिले. ती हसत होती. मेंदीच्या हातानं कोणाला तरी ताट दाखवत होती. म्हटलं, गेलं, आता लग्नाचा दिवस गेला.

"रोझी, तुह्या बापानं त्या सकाळी फादर मांगतले होते. म्या आनले नाई."

रोझीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हाईत हाय, मोठेबाबा. मी तठीच होती, दाराच्या मांगं. जा, जेवून घ्या."