आबांचा उरलेला डाव

दहाव्याला कावळा शिवेना, म्हणून मी फक्त एक वाक्य बोलले. तेही मदत म्हणून.

आबा म्हणजे माझे सासरे, भगवानराव. पेडगावच्या पारावर त्यांच्यासंगं पटावर बसणारे सगळे एकेक करून वर गेले, तेव्हा आबा मोबाइलवर बुद्धिबळ खेळायला शिकले. जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांची एक ऑनलाइन स्पर्धा चालू होती. आपण एक चाल करायची आणि समोरच्याची वाट बघायची. एका चालीला आठवडाभराची मुदत. आबा सकाळी एक प्यादं सरकवायचे आणि शेळ्या घेऊन निघायचे. असाच एक डाव अर्धा ठेवून ते गेले.

नदीकाठी पिंड ठेवला. बाभळीवर कावळे ओळीनं बसलेले, पण एकही हलेना. यांनी बोअर मारायचं कबूल केलं. सासूबाईंनी आमच्या शिवकन्येचं लग्न वर्षाच्या आत लावायचं कबूल केलं. (वर्ष उलटलं की आमच्याकडे तीन वर्षं थांबावं लागतं.) ऊन चढत चाललं. भूक लागली होती, खोटं कशाला बोलू? मी हात जोडून म्हणाले, "आबा, तुमचा मोबाइलवरचा डाव मी पुरा करीन."

म्हणायचा अवकाश, कावळा उतरला.

मला वाटलं, आठ-पंधरा दिवसांत उरकेल. (घोडा कसा चालतो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.) घरी आल्यावर सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "डाव पुरा झाल्याबिगर दारात मांडव पडायचा न्हाई. हारलीस तरी चालंल, मधीच सोडायचं न्हाई." इकडे देवगाव फाट्याचे पाहुणे तारीख मागत होते.

फोन आबांच्या फोटोपुढे ठेवला. एकदा भर दुपारी तो टक् करून वाजला. समोरच्यानं चाल केली होती. मी पिठाचे हात पुसून जवळ जाते न जाते, तोच पुन्हा टक्. बघते तर आबांचा उंट आपला आपण सरकलेला. घरात मी एकटी. गोठ्यात शेळ्याही गप्प झाल्या होत्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यातही तेच.

सासूबाई अजिबात घाबरल्या नाहीत. त्या फोनशेजारी कपभर चहा ठेवायला लागल्या. संध्याकाळी कप रिकामा असायचा. (मांजर असेल. मी खोलात गेले नाही.)

शेवटी शिवकन्येनं उलगडा केला. त्या खेळात म्हणे आधीच लिहून ठेवता येतं, की त्यानं असं केलं तर माझं असं. आजोबांनी पुढच्या काही चाली अशाच नोंदवून ठेवल्या होत्या.

"म्हंजे ठरवूनच गेले की," सासूबाई म्हणाल्या.

नोंदवलेल्या चाली संपल्या आणि डाव माझ्या गळ्यात आला. समोर चुडाव्याचे सिताराम. फोटोत काळी टोपी, डोळे थेट माझ्याकडे. मी ठरवलं, लवकर हरायचं आणि मांडव घालायचा. घोडा त्यांच्या तोंडाशी नेऊन ठेवला. त्यांनी मारला नाही. हत्ती ठेवला. तोही मारला नाही. उलट त्यांचा राजा आपलं सगळं सैन्य मागे सोडून एकटाच बाहेर पडला आणि मधूनमधून प्यादी सरकवत महिन्याला एक घर माझ्याकडे यायला लागला.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. वर्ष भरत आलं. राजा येतच होता. भाकरी थापताना मला वाटायचं, मागं कुणीतरी आणखी एक पाऊल पुढं आलंय. मी मेसेज केला, 'काका, हत्ती मारा की. मुलीचं लग्न अडलंय.' खाली माझा नंबर दिला. उत्तर नाही. पण राजा आणखी एक घर पुढे आला.

मग यांनी चुडाव्याच्या एका ओळखीच्या माणसाकडे चौकशी केली. फोन ठेवला तेव्हा यांचा चेहरा उतरला होता. "ते सिताराम आपल्या आबांच्या पाठोपाठच गेलेत," हे म्हणाले.

मी फोन उचलून ज्वारीच्या कोठीत टाकला. कोठीतून टक् आवाज आला.

सासूबाईंनी मलाच तो काढायला लावला. राजा आता माझ्या घोड्याच्या अगदी अंगाशी येऊन उभा होता. त्याची वाट सोडावी म्हणून मी घोडा झटकन बाजूला घेतला, तर मागच्या हत्तीनं त्याला मात दिली. पडद्यावर फुलं उधळली आणि अक्षरं आली: भगवानराव विजयी.

लगेच माझ्या फोनची रिंग वाजली. एक बाई हसत होती की रडत होती, कळेना. ती राजेश्री, सितारामांची सून.

"ताई, सुटले बघा," ती म्हणाली. "मामंजीच्या दहाव्याला कावळा शिवंना, तवा मीच बोलून बसले व्हते. कवाची हारायला बघायलेय, तुमी हारूच देईनात."

मेसेजला उत्तर का दिलं नाही, असं मी विचारलं.

"तुमचे आबा गेल्याचं आमच्या कानावर आलं व्हतं," तिचा आवाज एकदम खाली आला. "म्हटलं, मग हे लिहायलंय कोण? लय भ्याले."

सासूबाईंनी गल्लीभर साखर वाटली. आबा पारावर कधीच जिंकले नव्हते म्हणे. वर्ष भरायला थोडे दिवस उरले असताना तारीख धरली आणि दारात मांडव पडला.

मंगलाष्टकं चालू होती. अंतरपाट अजून धरलेलाच होता. मी डोळे पुसत अक्षता टाकत होते, आणि माझ्या कमरेला खोचलेला आबांचा फोन वाजला. टक्, टक्, टक्, टक्. जिंकणारा पुढच्या फेरीत जातो, आणि त्या फेरीत चार डाव एकदम असतात. सासूबाईंनी चारही डावांना होकार कळवून टाकला होता. एका चालीला पंधरा दिवस.

यांनी खाली वाकून माझ्या कानात सांगितलं, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तुझ्यासमोर रोज हारायलोय. बघून बघून तरी शिकायचं की."