ऑगी ड्रेस्लरची ओळख

लेन कोवालिक वर्षानुवर्षं एकच थाप मारत आला होता. "ऑगी ड्रेस्लर? अहो, माझा जिवलग दोस्त!" पिट्सबर्गजवळच्या त्या पोलादगावात कुणी ना कुणी अमेरिकन फुटबॉलपटूच्या ओळखीचं असायचंच, त्यामुळे लेनचीही खपून जायची. पण यंदा फादर मिरोस्लाव यांनी चर्चच्या शुक्रवारच्या मासे-मेजवानीला खुद्द ऑगीलाच बोलावलं. त्याची ओळख करून द्यायचं काम अर्थातच जिवलग दोस्तावर आलं.

लेनच्या तोंडचं पाणी पळालं. सत्तरच्या दशकातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात ऑगीचं नाव होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्याचं तोंड कुणी पाहिलं होतं? चेंडू घेऊन पळणाऱ्याचं तोंड घराघरात असतं. त्याला वाट करून द्यायला पुढे उभं राहून धक्के खाणाऱ्या ऑगीसारख्या गड्याचा फोटो कोण काढतो? जुन्या फोटोत ऑगी म्हणजे एक हेल्मेट आणि बाकी सगळा चिखल.

"दाजी," मेजवानीच्या संध्याकाळी मेहुणा बर्नी सभागृहात पुढच्या खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला, "आज त्यानं तुम्हाला ओळखलं नाही ना, तर अख्खं गाव तुम्हाला जन्मभर थापाड्या म्हणेल. सुरुवात मी करीन."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून लेनची बायको रोझमेरी ओरडली, "अरे देवा, मासे तळायचा फ्रायर बंद पडला! दुरुस्तीवाल्याला फोन केलाय, आला की मागच्या दारानं पाठवा!"

लेनचं लक्ष कुठं होतं! पुढच्या दारात कोट घातलेला, दार भरून टाकणारा एक धिप्पाड माणूस उभा होता. लेननं धावत जाऊन त्याला मिठी मारली. हात पाठीपर्यंत पोचले नाहीत.

"लेका, किती दिवसांनी रे!"

माणूस गोंधळला. "फोन तुम्हीच केलात का? फ्रायर कुठाय?"

"बघा! आल्या आल्या खाण्यावर लक्ष! जुनी खोड आहे त्याची!" लेननं त्याला ओढत मंचावर नेऊन बसवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसानं मागं वळून पाहिलं, टाळ्या कुणासाठी आहेत ते कळेना.

"गुडघे कसे आहेत आता?" फादरनी आपुलकीनं विचारलं.

"कामातून गेलेत. सारखं वाकायला लागतं ना."

"सत्तरच्या दशकातला सगळ्यात अवघड दिवस कोणता?"

माणसानं बराच विचार केला. "हॉस्पिटलमधला. सगळं अंग भाजलं होतं हो."

सभागृह हळहळलं. एका म्हातारीनं डोळे पुसले. बर्नी मात्र पुढं झुकला. "दाजी, ह्याच्या बोटात अंगठी कशी नाही? विजेतेपदाची अंगठी ही माणसं आंघोळीलासुद्धा काढत नाहीत."

"कामावर अंगठी घालत नाही मी," माणूस म्हणाला. "एकदा झटका बसलाय."

लेनला काहीच कळेना, पण तो जोरजोरात हसला. तेवढ्यात रोझमेरी धावत बाहेर आली.

"अहो, मागच्या दारानं आलेला तो फ्रायरवाला देवमाणूस आहे हो! फ्रायर चालू केला, वर तुमच्या आणि ऑगीच्या दोस्तीचे किस्से ऐकत बटाटे सोलून दिले! पण त्यानं काढून ठेवलेली ही अंगठी बघा, मी बाटलीचं बूच समजून फेकणार होते!"

तिच्या तळहातावर अक्रोडाएवढी, खड्यांनी मढवलेली अंगठी होती. मंचावरचा माणूस उठला.

"फ्रायरवाला मी आहे. डेल माझं नाव. मघापासून विचारतोय, फ्रायर कुठाय?"

पृथ्वीनं पोटात घ्यावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. बर्नीनं बोलायला तोंड उघडलं, तोच स्वयंपाकघराच्या दारातून, ॲप्रन बांधलेला आणि कोपरापर्यंत पीठ लागलेला दुसरा एक डोंगर बाहेर आला. त्यानं एकदा अंगठीकडे पाहिलं, एकदा लेनकडे. कोणता माणूस आता चिरडला जाणार, हे एका नजरेत ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

"काय लेन!" ऑगी गडगडला. "फसवलं की नाही सगळ्यांना? मी म्हणालोच होतो ह्याला, आमचा धंदाच हा. चेंडू एकीकडे, बघणारे दुसरीकडे!"

छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या. फादर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. डेलनंही टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्याला अजूनही कळलं नव्हतं. बर्नी उठून लेनजवळ आला. "माफ करा दाजी. मी तुम्हाला उगाच थापाड्या समजलो."

ऑगीनं लेनच्या खांद्यावर पिठाचा पंजा ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मग उद्याचं नक्की ना? मी तिसऱ्या मजल्यावर राहायला चाललोय. लिफ्ट नाही आणि बायकोचा पियानो आहे. तिला म्हटलं, हमाल कशाला, जिवलग दोस्त आहे की. का, जमणार नाही? नसेल तर इथंच सांग, सगळ्यांसमोर."

लेननं सगळ्यांकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

"जमेल की," तो म्हणाला.

"मीपण येतो, दाजी," बर्नी म्हणाला. "खुर्ची घेऊन."