चौथ्या मजल्याची फत्ते, ऊर्फ दोन गुडघ्यांची हकीकत

वाचणार मंडळींनी स्वस्थचित्ते बसावे, आणि ज्यांचे अद्याप दुमडत असतील त्यांनी पाय दुमडोन बसावे. पूर्वी राजे गडांसाठी भांडले, मुलखांसाठी भांडले. परंतु दोन सख्खे बंधू दोन दौलतींच्या औषधोपचाराच्या रीतीवरोन एकवीस वर्षे दर रविवारी भांडले, ऐसे कोठे जाहले नव्हते. ते जाहले. तो मजकूर, पदरचे काही न घालता, येणेप्रमाणे:

एक नदी, तिजवर एक पूल, आणि पुलाचे दोन अंगांस दोन दौलती. अलीकडील दौलतीचा दस्तूर ऐसा की, रयतेने कर एकाच खजिन्यात घालावा आणि जो आजारी पडेल त्याचे औषधपाणी त्याच खजिन्यातून व्हावे. अमीर-फकीर समस्तांस एकच रांग. पलीकडील दस्तूर ऐसा की, ज्याने त्याने आपापली विमा कंपनी धरावी, आणि आजारी पडल्यावर तिची मर्जी सांभाळावी. अलीकडे थोरले बंधू राहात, पेशा सुतारीचा. पलीकडे धाकटे राहात. शाळेत भूगोल शिकवीत. उभयतांच्या मातोश्री, वय वर्षे ब्याऐंशी, चाळीस वर्षे इस्पितळात परिचारिकेची चाकरी करोन निवृत्त, त्यांचा मुक्काम पुलालगतच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. इमारतीस लिफ्ट नाही. पायऱ्या बहात्तर.

दर रविवारी उभयतां बंधू बहात्तर पायऱ्या चढोन मातोश्रींचे दर्शनास जात, चहा घेत, आणि मग वादास तोंड फुटे. थोरले म्हणत, आमचेकडे इलाज फुकट. धाकटे म्हणत, आमचेकडे इलाज आज. मातोश्री बशा विसळीत.

ऐसे असता एके रविवारी मातोश्रींस कपाट हवे म्हणोन थोरल्यांनी स्वहस्ते घडविले, आणि उभयतां ते वर चढवू लागले, आणि तिसऱ्या मजल्यावर वादास रंग चढोन थोरले डावीकडे वळले व धाकटे उजवीकडे वळले, आणि मग दोन गुडघे एकाच वेळी कामास आले. वडिलांकडोन उभयतांस घर आले नाही, जमीन आली नाही, गुडघे तेवढे आले होते, आणि ते आधीच झिजोन गेले होते. आपापल्या दौलतीच्या वैद्यांनी निकाल दिला तो एकच: सांधा बदलावा, त्याविना जिना चढू नये.

येणेप्रमाणे चौथा मजला उभयतांस बंद जाहला. मातोश्री वर, पुत्र खाली.

थोरल्यांनी सरकारी इस्पितळावर मोर्चा नेला. तेथे कोणी एक कागद मागितला नाही, विमा विचारिला नाही, गुडघा पाहोन लगोलग यादीत नाव घातले. थोरले हर्षले. आठवडाभराने खलिता आला की, आपली प्रकृती आम्हांस मोलाची वाटते, सबब आपली शस्त्रक्रिया चौदा महिन्यांनी. थोरले लंगडत खिडकीपाशी गेले.

"बाई, तोवर मी काय करू?"

"चालू नका," खिडकीवरल्या बाई म्हणाल्या, आणि फार मायेने म्हणाल्या.

इकडे धाकटे पलीकडील इस्पितळात दाखल जाहले. तेथे दालनात कारंजे, गालिचा ऐसा की काठी रुतावी. शल्यवैद्य खासे उठोन सामोरे आले आणि म्हणाले, पुढील गुरुवारी करू. धाकट्यांनी तत्काळ बंधूंस फोन केला.

"दादा, गुरुवारी! तुझे चौदा महिने मोजत बस."

परंतु गुरुवारच्या आधी कंपनीची परवानगी लागत होती. कंपनीचा हुकूम आला की, प्रथम सहा आठवडे व्यायाम करोन पाहावा. केला. मग हुकूम आला की, व्यायाम शिकविणारा आमचे यादीतला नव्हता, सबब तो व्यायाम जाहलाच नाही. पुन्हा केला. मग हुकूम आला की, गुडघ्याची तसबीर जुनी जाहली, नवी काढावी. काढली. मग खासा निवाडा आला की, शस्त्रक्रियेची आवश्यकता सिद्ध होत नाही. खाली कंपनीच्या वैद्याची मोहर. या वैद्यांनी गुडघा पाहिला नव्हता, आणि पाहता तरी उपयोग नव्हता, कारण ते कानाचे वैद्य होते. यात सात महिने गेले. दरम्यान फोनवर सनई वाजे आणि एक मंजुळ आवाज म्हणे की, आपण आमचे लाडके ग्राहक आहां, फोन ठेवू नये.

रविवारचा दस्तूर मात्र मोडला नाही. उभयतां इमारतीसमोरील बाकावर येवोन बसत, मातोश्री चौथ्या मजल्याचे खिडकीत उभ्या राहात, आणि संभाषण ओरडोन होई. थोरले एका पायावर करवत चालवोन कमरेत वाकले होते. धाकट्यांस वर्गात नकाशापर्यंत जाववेना, ते खुर्चीत बसोन छडीने समुद्र दाखवीत. तरी बाकावर वाद तोच. अखेरीस थोरले एकदा बोलता बोलता थांबले, आणि हळूच म्हणाले, "आईला जवळून बघून सात महिने झाले रे." त्यावर धाकट्यांस उत्तर सुचले नाही. एकवीस वर्षांत प्रथमच.

मातोश्रींस ते शब्द ऐकू गेले नाहीत, परंतु उभयतां पुत्र गप्प बसलेले दिसले, आणि त्या घाबरल्या. मग त्यांनी खासा स्वारी करण्याचा निश्चय केला, आणि दुसरे दिवशी कठडा धरोन, मजल्या-मजल्यावर मुक्काम करोन, पाऊण तासात बहात्तर पायऱ्या उतरल्या.

प्रथम अलीकडील इस्पितळावर चालोन गेल्या. खिडकीवरल्या बाईंस पुसिले, "ऐन वेळी कुणी आजारी पडलं, आलंच नाही, तर ती जागा कुणाला देता?"

"त्याची वेगळी यादी असते."

"त्यात माझ्या मुलाचं नाव का नाही?"

"कुणी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या, आणि नाव लिहिले. यास एक मिनिट लागले.

मग पूल ओलांडोन धाकट्यांचे घरी ठाणे दिले आणि कंपनीस फोन लाविला. सनई ऐकत स्वेटरची एक बाही विणोन काढली, मंजुळ आवाजांचे तीन बुरूज पाडिले, आणि खाशा वैद्यांस गाठिले.

"तुम्ही कानाचे डॉक्टर ना?"

"हो. का?"

"मग ऐका. या गुडघ्याला ऑपरेशन नको, असं तुमच्या सहीनं, तुमच्या नावानिशी लिहून द्या. मी चाळीस वर्षं वॉर्डात काढलीत. तो कागद कुणापुढं ठेवायचा ते मला ठाऊक आहे."

त्या दरबारी मोहर उठविणे सोपे, परंतु आपले नाव लिहिणे फार अवघड. दोन दिवसांत परवानगी आली, आणि मातोश्री आल्या वाटेने, कठडा धरोन, चौथ्या मजल्यावर परतल्या.

एकाच आठवड्यात दोन्ही गुडघ्यांवर हल्ला जाहला. थोरल्यांस एके सकाळी सातास बोलावणे आले, कारण कोणा एकास सर्दी जाहली होती. सहा खाटांची खोली, छतास ओल, शेजारी घोरणारा. परंतु नाव काय आणि पाय कोणता, याखेरीज कोणी काही पुसिले नाही. धाकट्यांस स्वतंत्र खोली, रेशमी पडदे, खिडकीत फुले; परंतु शस्त्रक्रियेस नेताना वाटेत तीन ठिकाणी परवानगीचा क्रमांक पुसिला, आणि भूल उतरल्यावर त्यांनी प्रथम तोच उच्चारिला. सांधे मात्र दोघांचेही उत्तम बसले.

नववे आठवड्यात, रविवारी, दोन प्रहरी उभयतां चढाईस निघाले. पहिल्या मजल्यावर दम घेतला. दुसऱ्यावर वाद सुरू जाहला. तिसऱ्यावर तो हातघाईवर आला. चौथ्यावर दार उघडे होते आणि मातोश्री उंबऱ्यात उभ्या होत्या.

त्यांनी उभयतांस खुर्चीवर बसविले, विजारी वर करविल्या, चष्मा लाविला, आणि जुन्या सवयीने दोन हात दोन गुडघ्यांवर फिरविले. बराच वेळ फिरविले. डोळे भरोन आले ते पदराने टिपले, आणि म्हणाल्या,

"टाके सुरेख घातलेत. दोघांचेही."

हे ऐकोन उभयतां बंधू किंचित खट्टू जाहले.

पुढे सरकारने आपले दफ्तरी नोंद केली की, सदर रोगी मुदतीच्या सहा महिने आधीच बरा जाहला, हे राज्ययंत्रणेचे यश. कंपनीने आपले दफ्तरी नोंद केली की, सदर ग्राहकास मागणीवरोन दोन दिवसांत परवानगी दिली, हे स्पर्धेचे यश. मातोश्रींचा उल्लेख दोन्ही दफ्तरांत नाही, सबब येथे केला असे. चौथा मजला फत्ते जाहला.