अनंत डेकवर राहिला

थंडीबद्दल ज्युडा किहीमकरांना कुणी काही शिकवू नये, असं खुद्द ज्युडा किहीमकरांचं मत होतं. त्यांची सगळी नोकरी कॅनडातल्या वॉनमधल्या एका कोल्ड स्टोरेजच्या गोदामात गेली होती. गोठवलेले वाटाणे, गोठवलेली मासळी आणि गोठवलेले पिझ्झे यांच्यावर राज्य करून जो माणूस निवृत्त झाला, त्याला थंडी काय शिकवणार? म्हणून ऑक्टोबरात सणांचे दिवस आटोपल्यावर बायको मॉन्ट्रियलला निघाली आणि बॅग भरता भरता झाडाबद्दल पुन्हा पुन्हा सांगू लागली, तेव्हा ज्युडाभाईंनी डोळे मिटून घेतले.

"मी अख्खं गोदाम सांभाळलंय, बाथशेवा. एक कुंडी सांभाळता येणार नाही? काळजी करू नकोस."

"गोदामातला माल आधीच मेलेला होता," बाथशेवाबाई म्हणाल्या. "हे जिवंत आहे. तेव्हा नुसतं पाणी घाला. हलवू नका, छाटू नका, खत घालू नका. काही सुचलं तर खाली बसा आणि चहा प्या."

झाड अनंताचं होतं. अलिबागकडे अनंत कुंपणाशी लावायचा आणि विसरून जायचा, तो आपला फुलत राहतो. कॅनडात आल्यावर मात्र त्याला जावयाचे नखरे सुचतात. घरातली हवा कोरडी झाली की पानं पिवळी पडतात, कुंडीची जागा बदलली की कळ्या गळतात. बाथशेवाबाईंचा पहिला अनंत हीटरच्या झोताने गेला. दुसरा गेला तो ज्युडाभाईंमुळे. जानेवारीत फावड्याने बर्फ काढायला बाहेर पडताना त्यांनी दार सताड उघडं ठेवलं आणि रस्त्यावर कुणाशी तरी बोलत उभे राहिले. हा तिसरा. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी त्याने सगळे हिवाळे काढले होते. उन्हाळ्यात मागच्या अंगणातल्या लाकडी डेकवर फुलला की शेजारच्या कदमांच्या घरापर्यंत वास जायचा.

या वेळी झाडाचं मोल आणखी वाढलं होतं. मॉन्ट्रियलला लेक अविगैल बाळंत होणार होती. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली की उन्हाळ्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने नवसाचा मलिदा करायचा, असं बाथशेवाबाईंनी बोलून ठेवलं होतं. पोहे, गूळ, नारळ, फळं यांचं ताट भरायचं आणि मधोमध आपल्या घरच्या अनंताचं फूल ठेवायचं. विकतचं नाही, घरचं. बाईंनी हे इतक्या हळू आवाजात सांगितलं होतं, की ज्युडाभाईंनी तेव्हा थट्टासुद्धा केली नाही.

पहिले काही दिवस त्यांनी नुसतं पाणी घातलं. मग शुक्रवारी दुपारी त्यांना एका पानाखाली कापसासारखा पांढरा ठिपका दिसला. पिठ्या ढेकूण! आता चहा पिऊन काय उपयोग? बाहेर छान ऊन होतं, अंगात स्वेटर पुरत होता. ज्युडाभाईंनी कुंडी उचलून डेकवर नेली, साबणाच्या पाण्याने एकेक पान धुतलं, तान्ह्या बाळाला घालावी तशी आंघोळ घातली आणि झाड निथळायला ठेवलं. पाच मिनिटांत आत घ्यायचं होतं.

पण शुक्रवार होता. नारळाच्या रसातली मासळी करायची होती, शनिवारचं कोंबडीचं कालवण आणि भात हॉटप्लेटवर ठेवायचा होता, आणि यातलं काहीच त्यांनी आजवर एकट्याने केलं नव्हतं. मीठ सापडेपर्यंत सूर्य कलला. धावतपळत अंघोळ करून ते दिव्यांपाशी उभे राहिले. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो; त्याचे दिवे नेहमी बाथशेवा लावायची. डोक्यावर ओढणी घेऊन ती डोळे झाकायची, ते रूप त्यांना फार आवडायचं, पण इतक्या वर्षांत त्यांनी तसं कधी तिला सांगितलं नव्हतं. आज त्यांनी स्वतः दिवे लावले, आशीर्वाद म्हटला आणि डोळे उघडून समोर पाहिलं. काचेच्या दारापलीकडे, अंधारत्या डेकवर, ओलाचिंब अनंत उभा होता. दुपारीच फोनवर फ्रॉस्ट वॉर्निंग येऊन गेली होती. पारा शून्याखाली जाणार होता.

आता घोटाळा असा, की शब्बाथ लागला की काम करायचं नाही, शेगडी पेटवायची नाही, कुंडी उचलायची नाही. दुसऱ्याला 'उचल' म्हणून सांगायचंही नाही. फार तर वस्तुस्थिती नुसती बोलून दाखवायची आणि समोरच्याला आपणहून काही सुचलं तर देवाची कृपा म्हणायची. कोकणात यांच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. तरुणपणी ज्युडाभाई या बाबतीत जरा सैल होते. घरात शब्बाथ नीट पाळला जायला लागला तो बाथशेवामुळे. म्हणजे झाडही तिचं आणि शब्बाथही तिचा. एकाला वाचवावं तर दुसरा मोडतो. फोन करून विचारावं, तर फोनही करता येत नाही. ज्युडाभाई काचेला नाक लावून उभे राहिले. त्यांना बायकोची फार आठवण आली.

तेवढ्यात पलीकडे सूर्यकांत कदम कचऱ्याचा डबा ढकलत मागच्या अंगणात आले. ज्युडाभाईंना हायसं वाटलं. साताऱ्याच्या या गड्याला शब्बाथच्या इशाऱ्यांचा चांगला सराव होता. एकदा शनिवारी स्मोक अलार्म कोकलत होता, तेव्हा ज्युडाभाई नुसते "आज फार आवाज आहे" म्हणाले आणि सूर्यकांतरावांनी शिडी आणली. तेव्हापासून आपल्याला इशारे ओळखण्याची विद्या आहे, असं ते चारचौघांत सांगत.

ज्युडाभाई डेकवर आले. "सूर्यकांतराव, आज बाहेर फार थंडी पडणार."

सूर्यकांतरावांनी डबा तिथेच सोडला. हात वर केला. "बोलू नका. कळलं."

ते फाटकातून आले, अनंताच्या अगदी शेजारून गेले, घरात शिरले आणि थर्मोस्टॅट अठ्ठावीसवर नेऊन ठेवला. फर्नेस धडधडायला लागला.

"झालं. आता काय बिशाद आहे थंडीची."

"उपकार झाले," ज्युडाभाई म्हणाले. "पण घरात ऊब होतीच हो. पुष्कळ होती."

"कळलं." सूर्यकांतरावांनी चहूकडे पाहिलं आणि हॉटप्लेट बंद केली. "सकाळपर्यंत चालू राहिली असती. बिल केवढं आलं असतं."

शनिवारचं कालवण गेलं. 'पुन्हा लावा' असं म्हणायची सोय नव्हती. ज्युडाभाईंनी विचार केला, आडून आडून बोलण्यात अर्थ नाही, आता अगदी सरळ वस्तुस्थिती सांगावी. ते सूर्यकांतरावांना डेकवर घेऊन आले आणि झाडासमोर उभे राहिले.

"हा अनंत, सूर्यकांतराव. याला थंडी सोसत नाही. एका रात्रीत मरतो."

सूर्यकांतरावांचा चेहरा पडला. त्यांनी ज्युडाभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "मरतोच. आमची तुळस गेली तेव्हा वनिता दोन दिवस जेवली नाही. आपण जीव लावतो, पण शेवटी ज्याचं त्याचं आयुष्य. तुम्ही त्याच्यापाशी बसणार असाल, तर मी बसतो सोबत. वहिनी नाहीत, तुम्ही एकटे आहात, मला सगळं कळतं."

आणि ते खरोखरच आपल्या घरून दोन खुर्च्या आणि एक गोधडी घेऊन आले. माणूस इतका चांगला, की त्याच्यावर रागावताही येईना. डेकवर जागा कमी होती. सूर्यकांतराव म्हणाले, "ही कुंडी मधे येतेय," आणि त्यांनी अनंत चक्क उचलला!

ज्युडाभाई एक पाऊल पुढे आले. कुंडी हवेत होती. काचेचं दार दोन पावलांवर होतं. आता फक्त एक वस्तुस्थिती हवी होती.

"दार उघडं आहे, सूर्यकांतराव," ते हळूच म्हणाले.

"अरेच्चा, सगळी ऊब बाहेर चालली," म्हणत सूर्यकांतरावांनी कुंडी डेकच्या पायरीवर, ऐन वाऱ्याच्या तोंडाशी ठेवली आणि जाऊन दार घट्ट लावलं.

मग दोघे खुर्च्यांवर बसले. ज्युडाभाईंनी आपली खुर्ची पायरीशी अशी लावली, की वारा आधी त्यांच्या पाठीला लागावा. गोधडीचं एक टोक त्यांनी बाहेरच्या बाजूला मोकळं सोडलं, ते आपोआप पानांवर पडलं तर पडलं. गोदामात ते हातमोजे, टोपी, जाड कोट घालून फिरायचे. आज घरच्या सदऱ्यात बसल्यावर त्यांना कळलं, की थंडीशी आपली ओळख कोटातूनच झाली होती.

"सूर्यकांतराव," त्यांचे दात वाजत होते, "तिला मलिद्यात याचं फूल ठेवायचंय. अविगैलच्या बाळासाठी. ती कधी काही मागत नाही हो. एवढंच म्हणाली, नुसतं पाणी घाला. तेही मला जमलं नाही."

हा इशारा नव्हता. सूर्यकांतरावांनाही ते समजलं असावं, कारण ते 'कळलं' म्हणाले नाहीत. त्यांनी गोधडीचं दुसरं टोक ज्युडाभाईंच्या गुडघ्यांवर ओढलं आणि नाक पुसलं. दोन म्हातारे पायरीकडे बघत राहिले.

फाटक वाजलं. सूर्यकांतरावांच्या पत्नी वनिताबाई नर्सिंग होममधली शिफ्ट संपवून आल्या होत्या, अंगातला कोटही काढला नव्हता. त्यांनी दोघांकडे पाहिलं, कुंडी उचलली, कोपराने दार सरकवलं आणि अनंत खिडकीशी त्याच्या जागी नेऊन ठेवला. थर्मोस्टॅट खाली आणला. हॉटप्लेट लावली. कुंडीतून जमिनीवर सांडलेलं पाणी पुसलं. मग बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "चला, जेवायचं नाही का?"

"वनितावहिनी," ज्युडाभाई चाचरत उठले, "मी काही म्हटलं नव्हतं हं."

"नाही म्हटलंत, भाऊजी. आत जा आता, ओठ निळे पडलेत."

"पण तुला कसं कळलं?" सूर्यकांतराव जरा दुखावूनच बोलले.

वनिताबाई हसल्या आणि गोधडी उचलून चालू लागल्या.

शनिवारी आकाशात तारे दिसून शब्बाथ संपल्याबरोबर फोन वाजला. बाळ अजून यायचं होतं. अविगैल बरी होती, फक्त कंटाळली होती. मग बाथशेवाबाईंनी झाडाचं विचारलं. ज्युडाभाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. पांढरा ठिपका, आंघोळ, मासळी, पायरीवरचा वारा, सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ लावून झाड दाखवलं. वरची चार पानं काळी पडली होती. बाकीची हिरवी होती.

"जगेल," बाथशेवाबाईंनी निवाडा दिला. "आता फोन तुमच्याकडे फिरवा. सर्दी झालीय ना? मला वाटलंच."

"तुझी आठवण येते," ज्युडाभाई म्हणाले. असलं वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं. पलीकडे बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं. मग ज्युडाभाईंनी विचारलं, "पण एक सांग. तू वनितावहिनींना आधीच झाडाकडे बघायला सांगून ठेवलं होतंस का?"

"छे! असं कुणाला सांगतात का? शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी तिचा सहज फोन आला होता, झाड कसं आहे म्हणून विचारत होती. मी एवढंच म्हटलं, हे म्हणालेत काळजी करू नकोस."

"मग?"

"मग ती म्हणाली, बरं, शिफ्ट संपली की तशीच जाते."