टिपकीने फीत खाल्ली

एका जंगलात, बाळांनो, इतकी प्रगती झाली होती की विचारू नका. पाणवठा आटला होता, पण दवाखान्यात यंत्रहात आला होता.

हा हात फक्त तान्ह्या बाळांसाठी होता. डोक्यात रक्ताची गुठळी झाली, की तो टाळूवर अलगद टेकायचा. बाळ हललं की तोही हलायचा. ऐकू न येणारा आवाज मऊ टाळूतून आत सोडायचा आणि गुठळी विरघळवायचा. चीर नाही, टाका नाही. आधी हे काम सुतारपक्षी करायचा. कसं, ते जेवताना सांगण्यासारखं नाही.

टिपकी हरणीचं पाडस दोन दिवसांचं होतं. सकाळपासून त्याने डोळा उघडला नव्हता. तोंडात घातलेलं दूध बाहेर येत होतं.

"दुपारपर्यंत गुठळी जायला हवी," हत्ती डॉक्टर म्हणाले. "नाहीतर..."

"मग घालवा की!"

डॉक्टरांनी सोंडेने दाखवलं. यंत्रहाताला जरीची फीत बांधली होती. शेजारी सिंहमहाराजांचे चिटणीस कोल्हेसाहेब उभे होते.

"फीत महाराज कापणार. संध्याकाळी येतील," ते म्हणाले.

"साहेब, तेवढी सोडा ना. मी परत बांधून देते."

"महाराजांच्या आधी? अहो बाई, पाडस काय, दुसरं होईल. उद्घाटन एकदाच होतं!"

टिपकीच्या अंगाची लाही लाही झाली. कोल्हेसाहेब मंडप बघायला बाहेर गेले. तिने मान लांब केली आणि फीत खाल्ली. जरीसकट. घशात टोचली, तरी गिळली.

डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिलं. "फीत दिसत नाही. म्हणजे उद्घाटन झालं असणार," ते म्हणाले आणि पाडसाला हाताखाली ठेवलं. तासाभराने पाडस आईला लुचू लागलं. टिपकी हमसून हमसून रडली.

संध्याकाळी महाराज आले. पंजात कात्री, पण फीत नाही. कोल्हेसाहेबांनी वेळ मारून नेली. "महाराज, पहिला मान आपल्या मस्तकाचा!"

यंत्रहात आयाळीत बराच वेळ चाचपडला. मग म्हणाला, "मऊ जागा सापडत नाही. इथून आत काही जात नाही."



यंत्र सदोष ठरलं. दुरुस्तीचं नाटक झालं आणि त्याला नवी फीत बांधली गेली. टिपकीला राजद्रोही म्हणून पाणवठ्यापलीकडे हाकललं. पाडस मात्र सरकारदरबारी अजून आजारीच आहे. उद्घाटनाआधी बरं होण्याची तिथे सोय नाही.

परवा टिपकीला वाटेत एक सशीण भेटली. पाठीवर मलूल पिल्लू.

"दवाखान्यात निघालेय गं. पण तिथे म्हणे फीत बांधलीय."

टिपकीने विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंयस?"

"कुठलं खातेय!"

"मग बरंच झालं," टिपकी म्हणाली.

तात्पर्य : बाळांनो, उद्घाटनाच्या फितीला कधी तोंड लावू नये. शहाण्या आया थांबतात, आणि त्यांची पिल्लं शिस्तीत दगावतात.