संत्र्याच्या झाडाले बेबीताईचा लेप

बेबीताईंनी जाहीरच करून टाकलं, "माह्या कुंदनच्या साखरपुड्यात मले कोनी आजी म्हनून दाखवावं! चार दिवसात चेहरा असा करतो, का सीमाताई माही मोठी बहीन दिसन!"

सीमाताई म्हणजे त्यांची नणंद. पुण्याला राहते, बेबीताईंपेक्षा चांगली तीन वर्षांनी मोठी. तरी गेल्या महिन्यात अकोल्यात, जठारपेठेतल्या लग्नात त्या मेल्या फोटोवाल्याने काय केलं? सीमाताईंना म्हणाला, "ताई, तुमी मधात या," आणि बेबीताईंना म्हणाला, "आजी, तुमी खुर्चीवर बसा!" भर मांडवात! तेव्हापासून बेबीताईंच्या डोक्यात जो जाळ पेटला, तो विझायचं नाव घेत नव्हता. एकीने सावलीत बसून पन्नाशी ओलांडली, दुसरीने मोर्शीजवळच्या संत्र्याच्या बगिच्यात तीस उन्हाळे काढले. पण हे त्या फोटोवाल्याला कोण सांगणार?

"मावशी, आपल्या इकडचं ऊन कातडीतलं पानीच ओढून घेते," मोर्शीच्या पार्लरवाल्या गीतांजलीने समजावलं. "थंडीत थेच कातडी तडकते. अन् पन्नाशीनंतर आतलं तेल बी कमी होते. हे काही चार दिवसात भरून नाही निघत."

"मंग काय उन्हाले सांगू, माह्या पोराचा साखरपुडा हाये, चार दिवस ढगाआड बस म्हनून?"

गीतांजलीने घाबरून लगेच लेप लिहून दिला. मुलतानी माती, संत्र्याच्या सालीची पूड, साय आणि मध. वाटीभर भिजवायचा आणि सकाळी लावायचा.

वाटीभर! जी बाई पापडाचं पीठ पायलीने मळते, तिला वाटीभर सांगता? बेबीताईंनी रंगाचा रिकामा डबा घासूनपुसून घेतला आणि त्यात काठोकाठ लेप भिजवला. म्हटलं, उरला तर पाहुण्या बायकांना होईल. डबा ओसरीत ठेवून वर फडकं बांधलं.

आता योग पाहा! बेबीताईंचे यजमान नत्थुजी दरवर्षी मिरगाच्या आधी संत्र्याच्या बुडांना औषधाचा लेप लावतात. या वर्षी त्यांनी पुतण्याला, कुलदीपला, कृषी केंद्रातून तयार पेस्ट आणून ओसरीत ठेवायला सांगितलं होतं. कुलदीप साफ विसरला. सकाळी नत्थुजींना ओसरीत डबा दिसला. घरात कोणाला विचारायचं ही त्यांची सवय नाही. डबा उचलला, ब्रश घेतला आणि बगिच्यात चालते झाले.

आठ वाजता बेबीताई केस बांधून, आरसा घेऊन बाहेर आल्या. पाहतात तर डबा गायब! अंगणात पिवळे थेंब सांडले होते, थेट बगिच्याच्या वाटेने. त्या तशाच आरसा हातात घेऊन उन्हातून धावत सुटल्या.

नत्थुजी चाळिसाव्या झाडाशी होते.

"कुलदीपनं पेस्ट मस्त आनली वं. या साली कंपनीनं रंग पिवळा काढला. पन मुंगळे काहून लागून राहिले, काही समजत नाही."

"मुंगळे लागतीनच! अर्धा किलो मध हाये त्यात! तीन दिवसाची साय हाये! थो माह्या तोंडाचा लेप व्हता!"

नत्थुजींनी ब्रशकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"तोंडाचा? डबाभर?"

"काहून? लहान हाये का माहं तोंड?"

"अवं, या झाडाईचं वय झालं. साल फाटून राहिली. लेप नाही लावला तं..."

"हो ना! झाडाचं वय दिसते तुमाले! फाटलेली साल दिसते! अन् बायकोकडं पाह्यलं कधी तीस वर्षांत?"

बगिच्यातले मजूर काम सोडून उभे राहिले. नत्थुजी खरंच वरमले. बेबीताईंच्या जवळ आले. त्यांची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे फिरवला. डावा गाल पाहिला, उजवा पाहिला. मग झाडाची साल तपासायच्या सवयीने बोटाच्या पेराने गालावर टकटक करून पाहिलं.

"साल चांगली हाये," ते मनापासून म्हणाले. "अजून पंधरा वर्षं आरामात बहार घेता येते."

झालं ना बाप्पा! त्या क्षणापासून बेबीताईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. साखरपुड्यात नुसतं पाण्याने तोंड धुऊन उभ्या राहिल्या. शेजारी नत्थुजी. फोटो काढताना दर खेपेला बेबीताईंना ती टकटक आठवे, अंगाचा तिळपापड होई आणि डोळे वटारले जात. आजी म्हणायची फोटोवाल्याची छातीच झाली नाही. "ताई, जमलं तं थोडं हसता का?" एवढंच तो लांबून म्हणाला.

तिसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. बेबीताईंनी सगळ्या घराला ऐकू जाईल असा लावला. तारीफच असणार, दुसरं काय!

"ताई, फोटो पाह्यले," विहीणबाई म्हणाल्या. "मानपानात आमच्याकडून काही चुकलं का? आमची रागिणी कालपासून जेवली नाही. एकच इचारून राहिली, सासूबाई नेहमीच अशा पाह्यतात का?"

नत्थुजींनी ब्रश उचलला आणि शहाण्यासारखे बगिच्यात चालते झाले.