पडद्यामागची थोरली

धाकट्या जावेच्या दंडांवर शस्त्रक्रिया झाली आणि दुखायला लागलं ते थोरलीला.

पडद्यांचं दुकान घरचंच. गल्ल्यावर सासरे, मापं घ्यायला त्यांचे दोघे मुलगे, आणि गिऱ्हाईक दोघी जावांच्या ताब्यात. धाकटी स्टुलावर चढून पडदे दांडीला अडकवायची आणि थोरली दाराशी खुर्चीत बसून बोलायची. थोरलीचं बोलणं असं, की पत्ता विचारायला आत शिरलेला माणूस खिडकी नसलेल्या भिंतीसाठीही पडदा घेऊन जाई. ती खुर्ची म्हणजे तिचं सिंहासन होतं.

धाकटीनं खाण्याला कुलूप लावून निम्मं अंग उतरवलं. चरबी गेली, पण दंडांची कातडी मागे राहिली. हात वर केला की ती झालरीसारखी लोंबायची. म्हणून सर्जनकडून तिनं जादा कातडी काढून दंड बेतून घेतले.

"शिवणकामच करायचं होतं तर बाहेर कशाला गेलीस?" थोरली म्हणाली. "आपल्या दुकानात मशीन काय कमी आहेत?"

धाकटी कामावर परतली ती दंडांना घट्ट पट्टे आवळून आणि डॉक्टरांचा हुकूम घेऊन : जड उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत.

"मग हिला बसू दे खुर्चीवर," सासरे म्हणाले. "पडदे थोरल्या सूनबाई दाखवतील."

"मी? स्टुलावर?"

स्टुलावर चढायची थोरलीला भीती वाटे. त्यामुळे तिला पडदा दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरूनच उभं राहावं लागलं. आता पडदा म्हटला की त्याच्यामागे माणूस झाकला जाणारच. गिऱ्हाइकाला पडदा दिसे, पडद्याखाली दोन पावलं दिसत, आणि पुढे खुर्चीत हसरी धाकटी दिसे.

"अय्या, केवढ्या बारीक झालात! दुखतं का हो?"

"थोडं ओढल्यासारखं होतं," धाकटी पट्ट्यांवरून हलकेच हात फिरवत सांगे.

"आमचं कोणी विचारू नका!" पडदा बोले.

आठवडे गेले. धाकटीला फळं आली, फुलं आली, शेजारच्या चष्मेवाल्यानं पाठीला टेकायला उशी पाठवली. उशी! थोरलीच्या पोटात जी आग पडली, तिच्यावर सगळ्या गल्लीचा चहा उकळला असता. त्यात विक्रीही वाढली. धाकटी फार बोलायचीच नाही, नुसती ऐकून घ्यायची. गिऱ्हाईक आपलं दुखणं सांगून हलकं व्हायचं आणि जाताना पडदे घेऊन जायचं. सासरे म्हणाले, "खुर्ची हिलाच शोभते." झालं. पडद्यामागून एक लांबलचक सुस्कारा आला आणि पडदा शिडासारखा फुगला.

दुसऱ्या दिवशी थोरली हात छातीशी बांधून हजर.

"खांदा धरलाय. वर होतच नाही."

"अगं, सकाळी तर माळ्यावरचा डबा काढलास," तिचा नवरा बोलून गेला.

"तेव्हाच धरला!"

सासऱ्यांनी दुसरी खुर्ची मांडली आणि पडदे धरायला दोघा मुलांना उभं केलं. एक ताडमाड, दुसरा बुटका. पडदा घसरगुंडीसारखा तिरपा. नेमका त्याच वेळी एका नाट्यगृहाचा व्यवस्थापक रंगमंचाचा पडदा घ्यायला आला.

"हा असा तिरका पडणार का?" त्यानं मान वाकडी करून विचारलं.

"छे छे! मखमल बघा, मखमल," म्हणत सासरे स्वतःच स्टुलावर चढले. वरच्या फळीवरचा मखमलीचा गठ्ठा त्यांनी ओढला मात्र, स्टूल डुगडुगलं, सासरे फळीला लटकले आणि तो हत्तीच्या पिल्लाएवढा गठ्ठा थेट धाकटीच्या डोक्याच्या दिशेनं निघाला.

"सरक!" थोरली ओरडली. छातीशी बांधलेले हात सुटले, बाणासारखे वर गेले आणि गठ्ठा अधांतरी झेलला गेला. तिनं तो तसाच डोक्यावर तोलून धरला. बाह्या खांद्यापर्यंत घसरल्या.

खांद्याचं सोंग तर उघडं पडलंच, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे बघत होते तिचे दंड. इतके आठवडे पडदे धरून ते असे घोटीव झाले होते, की कुणीतरी लेथवर काढून बसवलेत असं वाटावं.

"बाई," व्यवस्थापक भारावून म्हणाला, "तुमचा सर्जन कोण?"

थोरली नुसती धाकटीकडे बघत राहिली. धाकटीनं आपल्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग त्या दंडांकडे, आणि तिचा चेहरा आंबट झाला.

"अरे, मला कोणी उतरवणार आहे का?" फळीवरून सासरे म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात धाकटी डॉक्टरांची परवानगी घेऊन आली. "ताई, तुम्ही खूप सोसलंत. बसा आता तुमच्या खुर्चीवर. पडदे मी धरते."

"नको गं बाई, तुझं नाजूक दुखणं," थोरली मधाळ आवाजात म्हणाली. "उशी घे, छान टेकून बस."

"मला बरं वाटतंय!"

"वाटतं तसं. ओढल्यासारखं होतं ना थोडं?"

हल्ली त्या दुकानात गेलात तर दाराशी दोन्ही खुर्च्या रिकाम्या दिसतील. एका खुर्चीवर उशी असते, तिच्यावर मांजर. समोर एकच पडदा उभा असतो, त्याच्याखाली चार पावलं, आणि आतून आवाज येतात :

"ताई, सोडा!"

"तू सोड!"